असू दे, लागेल कधीतरी!



मी कॉम्प्युटरमधला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, शिक्षण बी.एस्सी., आणि त्यानंतर सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. फौजेला शिधा आणि इंधन पुरवणारं हे खातं. घरचे विचारायचे, "तू लढाईत नक्की काय करतोस?" मी सांगायचो, "लढणाऱ्याच्या ताटात पोळी पडते ना, ते मी करतो." शेवटची पोस्टिंग बंगळुरूला होती. मुलगी इथेच नोकरीला लागली, हवा मानवली आणि आम्ही इथलेच झालो. शहाजीराजांच्या जहागिरीचं गाव आहे, त्यामुळे परकं असं कधी वाटलं नाही.

आजचा विषय आहे धंद्यातल्या नको असलेल्या फाइली. त्या साठवायला आपण दर महिन्याला पैसे भरतो, ते कमी कसे करायचे? तुम्ही म्हणाल, शिध्याच्या माणसाला यातलं काय कळतं? मला त्यातली एकच गोष्ट कळते, पण ती पुरते. ती म्हणजे, ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचं भाडं कुणीतरी भरत असतं.

आमच्या सप्लाय डेपोत डबाबंद माल यायचा. भाजी, फळं, दूध, मांस. प्रत्येक मालाला एक तारीख असायची, तिला आम्ही ईएसएल म्हणायचो. हा माल साठवणीत किती काळ टिकेल याचा अंदाज. माल डेपोत शिरतानाच ती तारीख वहीत चढायची. आधी आलेला माल आधी बाहेर. तारीख जवळ आली की नमुना प्रयोगशाळेत जायचा. चांगला निघाला तर मुदत वाढायची, पण ती तपासून आणि लिहून. नाही निघाला तर अधिकाऱ्यांचं बोर्ड बसायचं, माल नष्ट व्हायचा आणि तसा दाखला फाइलला लागायचा. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य डेपोत चालत नसे.

निवृत्तीनंतर एका ओळखीच्या तरुणाने बोलावलं. पीन्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना आहे. मशीनचे सुटे भाग बनवतात, साठ-सत्तर माणसं. मी आठवड्यातून तीन दिवस जातो आणि प्रशासनाकडे बघतो. दोन वर्षांपूर्वी धंदा जरा मंदावला. मालक एक दिवस म्हणाला, "सर, ऑफिसातला एक माणूस कमी करावा लागेल. कोण ते तुम्ही सुचवा."

फौजेत असं कधी करावं लागलं नव्हतं. मी खर्चाचे कागद मागितले. ऑफिसात सगळ्यांत नवी होती एक मुलगी. हुबळीची, ड्रॉइंग आणि तपासणीची कागदपत्रं सांभाळणारी, पगार सव्वीस हजार. हिशेबाने तिचंच नाव पुढे येत होतं. त्याच कागदांत एक ओळ दिसली, क्लाउड स्टोरेज. महिन्याला तीस हजारांच्या आसपास, जीएसटी वेगळा. दोन वर्षांपूर्वी तीच ओळ नऊ हजारांची होती.

मी विचारलं, हे काय आहे? कॉम्प्युटर बघणारा मुलगा म्हणाला, "सर, डेटा आहे." मी म्हटलं, गोदामात माल आहे हे मलाही दिसतंय, कोणता माल ते सांग. त्याला सांगता येईना. मालकालाही येईना. "इरली बिडी सर," मालक म्हणाला. कन्नडमधलं हे आपलं "असू दे"च. भाषा बदलली तरी पोटमाळा सगळ्यांचा सारखाच.

मग आम्ही यादी करायला बसलो. इथे एक गंमत सांगतो. आपण "क्लाउड" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आकाश येतं. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी मालकीची इमारत असते. आत डिस्कांच्या रांगा, वीज, गार हवा आणि पहारा. आमचा डेटा होता ॲमेझॉनकडे, म्हणजे बंगळुरूच्या कारखान्याचे फोटो मुंबईच्या केंद्रात. ॲमेझॉनने मुंबईचं केंद्र २०१६ मध्ये सुरू केलं, हैदराबादचं २०२२ मध्ये. तिथलं साधं भाडं हिशेबाला सोपं आहे, एका जीबीला महिन्याला दोन रुपयांच्या थोडं वर. वाचताना काहीच वाटत नाही. पण एक टीबी म्हणजे हजार जीबी, आणि आमचे होते चौदा टीबी. शिवाय हे भाडं दर महिन्याला. एकदा घेतलेला फोटो कुणी पाहो न पाहो, त्याचं भाडं चालूच.

त्या चौदा टीबीत काय निघालं? चार टीबी सीसीटीव्हीचं चित्रण. रेकॉर्डर भरतो म्हणून कुणीतरी ते क्लाउडवर जाईल अशी सोय करून ठेवली होती आणि विसरून गेला होता. गेटवरून गेलेली प्रत्येक रिक्षा आम्ही जपून ठेवली होती. पाच टीबी तपासणीचे फोटो. प्रत्येक भागाचे सहा-सहा, त्यातले कित्येक हललेले, काळे किंवा तेच ते. दीड टीबी एका बंद केलेल्या सर्व्हरचा बॅकअप. सर्व्हर भंगारात गेला, त्याची सावली भाडं भरत होती. तीन टीबी जुन्या आवृत्त्या, त्यांच्याकडे पुन्हा येतो. आणि ज्याच्यावर कारखाना चालतो, ती ड्रॉइंग, हिशेब, करार आणि मंजूर तपासणी अहवाल? सगळे मिळून अर्धा टीबी.

तुमच्याही धंद्यात प्रमाण थोडं मागेपुढे असेल, पण सुरुवात यादीनेच करा. फोल्डर साइजनुसार लावा, मोठ्याकडून लहानाकडे. सुटे वर्ड-एक्सेल उडवत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही. पहिल्या दहा फोल्डरांतच बहुतेक भाडं सापडतं.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितली नाही तर या भाषणाला अर्थ नाही.

यादी बघून माझा उत्साह वाढला. एका शनिवारी मी त्या मुलाला शेजारी बसवलं आणि "हे उडव, ते उडव" सुरू केलं. "टेस्ट जुने" नावाचं एक फोल्डर होतं. मी म्हटलं, नावातच सगळं आलं, उडव. तो म्हणाला, "सर, एकदा विचारूया का?" मी म्हटलं, शनिवारी कुणाला विचारणार? उडवलं.

महिन्याभराने बिल पाहिलं. उतरलं होतं, पण फारच थोडं. चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या साठ्याला व्हर्जनिंग चालू होतं. म्हणजे फाइल बदलली तरी जुनी प्रत आत राहते. डिलीट केली तर तिच्यावर फक्त "डिलीट झाली" अशी चिठ्ठी लागते. आपल्या डोळ्यांआड होते, पण मूळ प्रत जागेवरच आणि भाडंही चालूच. मघाचे तीन टीबी तेच. एकेका ड्रॉइंगच्या चाळीस-चाळीस प्रती. मी तावातावाने सांगितलं, जुन्या प्रतीही साफ करा. त्याही गेल्या. तो परतीचा दोर होता आणि तो मीच कापला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी होसूरच्या एका ग्राहकाचा फोन आला. आमच्या एका भागाला तडा गेला होता आणि त्यांना पहिल्या लॉटचे तपासणी आकडे हवे होते. आकडे होते "टेस्ट जुने"मध्ये. नाव कुणी दिलं होतं? वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका तंत्रज्ञाने. चाचणीचे जुने आकडे म्हणून टेस्ट जुने. त्याच्या दृष्टीने नाव अगदी बरोबर होतं.

ग्राहकाकडे अहवालाची प्रत होती, पण मूळ मोजमापं नव्हती. शेवटी उरलेले भाग परत आणून आमच्या खर्चाने पुन्हा मोजावे लागले. तीन दिवस, ओव्हरटाइमसकट. दोष भागात नव्हता, जोडणीत होता, हे सिद्ध झालं म्हणून ग्राहक टिकला. नाहीतर तीस हजारांचं बिल वाचवायला गेलो आणि कुणाकुणाची नोकरी घालवून बसलो असतो.

हुबळीच्या त्या मुलीला मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?" ती म्हणाली, "हो सर. पण मला कुणी विचारलंच नाही."

मंडळी, मी त्या दिवशी खाली बघितलं. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे हे साठ-सत्तर माणसांत एकटीला माहीत होतं आणि कमी करायच्या यादीत पहिलं नाव तिचंच होतं. फोल्डरवर तारीख असते, साइज असते. ते कशासाठी आहे हे मात्र माणसाच्याच डोक्यात असतं. तो माणूस आधी कमी केलात तर मग काहीच डिलीट करता येत नाही. भीतीपोटी सगळं ठेवावं लागतं.

असं फक्त माझ्यासारख्या घाईच्या माणसाकडूनच होतं असं समजू नका. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातून सत्त्याहत्तर टीबी डेटा गेला, सुमारे तीन कोटी चाळीस लाख फाइली. काम अगदी साधं होतं, दहा दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसायच्या. पण पुसणारी आज्ञावली चालू असतानाच तिच्यात बदल केला गेला आणि ती भलत्याच जागी पुसत सुटली. चौदा संशोधन गटांना फटका बसला. त्यांतल्या चार गटांचा डेटा परत मिळवता आलाच नाही. डिलीट करणं हे शिपायाकडे सोपवून निश्चिंत होण्याचं काम नाही, हे सांगायला एवढं पुरे.

मग मी डेपोतली पद्धत बाहेर काढली. ती चार पायऱ्यांत सांगतो.

पहिली पायरी, कायदा. काय उडवायचं याआधी काय उडवता येत नाही ते भिंतीवर लावा. जीएसटीची हिशेबवही आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून बहात्तर महिने ठेवावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. कंपनी असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं आठ आर्थिक वर्षांची हवीत. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कॉम्प्युटर यंत्रणेचे लॉग एकशे ऐंशी दिवस ठेवायचे. याशिवाय तुमचे ग्राहकांशी झालेले करार. आमच्या एका ग्राहकाने तपासणीची नोंद दहा वर्षं मागितली आहे, ते करारात लिहिलंय आणि आम्ही वाचलंच नव्हतं. सीएंना आणि वकिलांना एकदा बसवा आणि एका पानाचा तक्ता करा. प्रकार, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात.

कायद्याची दुसरी बाजूही आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की ज्या कामासाठी माणसाची माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर ती पुसली पाहिजे. आमच्याकडे नोकरी न मिळालेल्या उमेदवारांची आधार कार्डं पडून होती, दहा-दहा वर्षांपूर्वीची. त्यांची जागा किती? नगण्य. पण उद्या चोरी झाली तर? साठ्याचा खर्च नेहमी बिलातच दिसतो असं नाही.

दुसरी पायरी, बोर्ड. फौजेत कागद किंवा माल नष्ट करायचा तर एकटा माणूस करत नाही. एक अध्यक्ष, दोन सदस्य. आमच्या बोर्डात हिशेब विभागाचा एक, उत्पादनातला एक आणि हुबळीची मुलगी. तिला मी मुद्दाम अध्यक्ष केलं. दर फोल्डरला तीन प्रश्न. हे कशासाठी तयार झालं? शेवटचं कुणी आणि कधी उघडलं? आणि हे नसेल तर कुणाचं काम अडेल? तिसऱ्या प्रश्नाला नाव आलं तर ठेवा. "कुणाचं तरी अडेल" हे उत्तर बोर्डात चालत नाही. नाव सांगा.

तिसरी पायरी, थांबा. बोर्डाने ठरवलेलं लगेच उडवायचं नाही. एका वेगळ्या जागी हलवायचं आणि तिथे नव्वद दिवस ठेवायचं. फोन आलाच तर त्या काळात येतो. तीन महिन्यांचं भाडं जातं, जाऊ दे, तो विमा समजा. नव्वद दिवसांनी जुन्या आवृत्त्यांसकट पुसायचं आणि एक ओळीचा दाखला लिहायचा. काय पुसलं, किती, कोणत्या तारखेला, तिघांच्या सह्या. उद्या कुणी विचारलं तर "सापडत नाही" म्हणण्यापेक्षा "अमुक दिवशी नियमाप्रमाणे नष्ट केलं" हे सांगणं केव्हाही बरं.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, ईएसएल. फाइल जन्माला येते तेव्हाच तिची तारीख ठरवा. नंतर साफसफाई करणं म्हणजे सडलेला माल शोधत फिरणं. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांच्याच साठ्यात असा नियम लावता येतो, त्याला लाइफसायकल म्हणतात. आम्ही काय केलं? सीसीटीव्ही क्लाउडवर जाणं बंद, कारखान्यातल्या रेकॉर्डरवरच तीस दिवस. त्यानंतर आपोआप त्याच्यावरच नवं चित्रण. काही घडलं असेल तर तेवढाच तुकडा वेगळा काढायचा. तपासणीचे फोटो एक वर्ष हाताशी. त्यानंतर, ज्यांच्या करारात मागणी आहे तेवढेच, स्वस्त दूरच्या साठ्यात. जुन्या आवृत्त्या नव्वद दिवस. अर्धवट अपलोड झालेले तुकडे सात दिवसांत साफ. हे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण भाडं घेतात, हे लक्षात ठेवा.

स्वस्त साठ्याबद्दल एक सावधगिरी. ॲमेझॉनचा सगळ्यांत खोल आणि स्वस्त साठा घेतला तर किमान एकशे ऐंशी दिवसांचं भाडं द्यावंच लागतं, आधी पुसलं तरी. शिवाय माल बाहेर काढायला वेळ लागतो आणि वेगळे पैसेही. तो तळघरासारखा वापरायचा. रोजचं मीठ कुणी तळघरात ठेवत नाही.

आता कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, आज फालतू वाटतं ते उद्या इतिहास ठरतं. बरोबर आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचंच बघा. मोडीतले कागद, कापडी रुमालांत बांधलेले. त्यातला बराच भाग हिशेब, जमाखर्च आणि रोजचा पत्रव्यवहार. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाला नवा पाया मिळाला. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. कुणीतरी ते रुमाल बांधले होते, लावून ठेवले होते. आणि सरदेसायांनीही निवडच केली. निवड न करता नुसतं साठवणं ही अडगळ झाली, दप्तर नव्हे. आमच्या कारखान्यातही एक "दप्तर" नावाचं फोल्डर आहे. पहिल्या मशीनचं बिल, पहिलं ड्रॉइंग, मालकाच्या वडिलांनी हाताने लिहिलेली पहिली कोटेशन वही, स्कॅन करून. त्याला तारीख नाही, ते कधीच पुसायचं नाही. जागा किती लागते? दोन जीबीसुद्धा नाही.

निकाल सांगतो. सहा महिन्यांत चौदा टीबीचे तीन टीबी झाले, शिवाय थोडं दूरच्या साठ्यात. बिल तीस हजारांवरून सात हजारांवर आलं. महिन्याला तेवीस हजार वाचले. मुलीचा पगार सव्वीस. पूर्ण निघाला नाही, तीन हजार कमी पडले. मी तो कागद मालकापुढे ठेवला आणि गप्प बसलो. त्याने कागद दोनदा वाचला, म्हणाला, "तीन हजार मी बघतो." ती आजही आहे. आता तिच्या टेबलावर "अभिलेख प्रमुख" अशी कन्नड आणि इंग्रजीत पाटी आहे. माझ्या आग्रहाखातर खाली मराठीतही लिहिलंय, ते वाचणारा तिथे मी एकटाच.

जाता जाता घरासाठी एक गोष्ट. गूगल फुकट देतं ते पंधरा जीबी, आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे एकत्र मोजले जातात. जागा संपल्याचा निरोप आला की लगेच पैसे भरू नका. आधी मोठ्या अटॅचमेंटच्या ईमेल शोधा, मग व्हिडिओ, मग ट्रॅश रिकामा करा. ईमेल आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमधलं तीस दिवस जागा खात राहतं. पण सुप्रभातचे फोटो उडवताना एकटे उडवू नका. आमच्या हिने माझ्या फोनमधलं एक फोल्डर वाचवलं, त्यात माझ्या आईचा आवाज होता. म्हणजे घरीही बोर्ड हवंच.

उद्या सकाळी एवढंच करा. साइजनुसार पहिली दहा फोल्डरं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एक तारीख आणि एका माणसाचं नाव लिहा. ज्याच्यापुढे दोन्ही लिहिता येत नाही, त्याचं भाडं तुम्ही कशासाठी भरताय, हे स्वतःला विचारा. आणि उडवण्याआधी, ज्याला कुणी विचारत नाही त्या माणसाला नक्की विचारा.

जय हिंद.